तुम्ही विचारलंत म्हणून: या गाड्या अमेरिकेच्याच का?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की जुन्या अमेरिकन गाड्यांची धातूची छोटी मॉडेल मांडलेल्या हॉलमधल्या काचेच्या कपाटापाशी थबकतं आणि चहा येईपर्यंत प्रश्न येतोच. "ताई, अमेरिकेच्याच गाड्या का? तुम्ही तर तिकडे कधी गेलाही नाहीत. जमवायच्याच होत्या, तर आपल्या गाड्या जमवायच्या!" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. पण उत्तर चहाच्या कपाएवढं नाही, म्हणून इथे लिहिते.

पहिली गोष्ट, या आपल्याच गाड्या आहेत. निदान मुंबईच्या तरी नक्कीच. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत कारखाना काढला. सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने बंदरात उतरायचे आणि शेवरोले इथे जोडली जायची, इथल्या कामगारांच्या हातून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावर गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट, प्लिमथ सॅव्हॉय. तिघी मुळात एकच गाडी; समोरची जाळी, बिल्ले आणि पट्ट्या तेवढ्या निराळ्या. पुढे, नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवायची असेल तर राहा, असं सरकारचं धोरण १९५३ मध्ये ठरलं आणि पुढच्याच वर्षी शिवडीचा कारखाना बंद झाला. कुर्ल्यात फिएट आली, आणि आज मुंबईची गाडी म्हटलं की सगळ्यांना तीच आठवते. तिच्या आधी टॅक्सीच्या रांगेत या लांबरुंद गाड्याही उभ्या असायच्या, हे सांगितलं की पाहुण्यांना खरंच वाटत नाही.

दुसरं कारण घरातलं. माझे बाबा डेंटर होते, ऑपेरा हाउसच्या बाजूला एका गॅरेजात. आयात जवळपास बंद झाल्यावर या गाड्यांचे पार्ट मिळेनासे झाले, पण मालकांनी त्या सोडल्या नाहीत. मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवायचं, बंपर पुन्हा क्रोम करून आणायचा, गंजलेलं मडगार्ड हातोडीने ठोकून नव्या पत्र्याचं घडवायचं. बाबांचं काम हे शेवटचं. ते डोळ्यांनी पत्रा तपासत नसत. पंजा सपाट ठेवून मडगार्डावरून हळू फिरवत आणि मग खडूने एका जागी खूण करत. मला तिथे काहीच दिसायचं नाही. खूण केलेल्या जागी चार ठोके बसले, रंग चढला, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यावरून सरळ गेलं, की कळायचं.

पण बाबांनी या गाड्या बहुतेक तुकड्यातुकड्यांनी पाहिल्या. एक मडगार्ड, एक दरवाजा, कधी नुसती डिकी. गॅरेजात जागा इतकी थोडी, की पंधरा-वीस पावलं मागे सरकून अख्खी गाडी बाजूने पाहायची सोयच नव्हती. गाडी तयार झाली की मालक घेऊन जायचा. मला या मॉडेलमध्ये जे मिळतं ते हेच: ती अख्खी रेघ, हेडलाइटच्या भुवईपासून निघून दरवाजांवरून मागच्या पंखापर्यंत, म्हणजे डिकीच्या बाजूला शेपटीसारख्या वर उचललेल्या पत्र्यापर्यंत गेलेली, एका नजरेत.

आता थोडं जवळून दाखवते. १९५७ ची शेवरोले बेल एअर घ्या. खरी गाडी पाच मीटरच्या थोडी वर. एकास अठराच्या मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शात, ती २८ सेंटिमीटरची होते, एकास चोवीसच्या मापात २१, एकास त्रेचाळीसच्या मापात १२ आणि एकास चौसष्टच्या, म्हणजे मुलांच्या हातात दिसतात त्या मापात, जेमतेम ८. माझं मन एकास चोवीसवर बसलं आहे. यात बॉनेट उघडलं की प्लगच्या वायरी मोजता येतात आणि तरी गाडी तळहातावर मावते. या बेल एअरच्या डाव्या पंखाच्या टोकाला क्रोमची उभी पट्टी आहे. पेट्रोल भरायचं तोंड तिच्या मागे लपवलेलं होतं. माझ्या मॉडेलमध्ये ती पट्टी उघडत नाही, पण तिच्या सांध्याची रेघ साच्यातच कोरलेली आहे, केसाएवढी. साचा कोरणाऱ्याने पेट्रोलचं तोंड कुठे होतं ते समजून घेतलं होतं, नाहीतर ती रेघ तिथे आली नसती.

हे पंख आले कुठून? जनरल मोटर्सचे मुख्य डिझाइनर हार्ली अर्ल यांना लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या दुहेरी शेपटीने भुरळ घातली. १९४८ च्या कॅडिलॅकवर पहिला पंख आला, अगदी छोटा उंचवटा. मग हळूहळू वाढत १९५९ च्या कॅडिलॅकवर तो सगळ्यात उंच झाला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे जोडदिवे घेऊन. पुढच्या वर्षापासून उतरण लागली. या दोन गाड्या शेजारी ठेवा, मधली अकरा वर्षं न सांगता समजतात. म्हणून कपाटात गाड्या कंपनीप्रमाणे न लावता सालाप्रमाणे लावते. पाहुणे आले की कॅडिलॅक पुढे काढून ठेवा असं घरचे म्हणतात. मी ठेवत नाही.

मॉडेल जड का लागतं, हेही बरेच जण हातात घेऊन विचारतात. त्यात मुख्यतः जस्त असतं, त्यात थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, ॲल्युमिनियमला ६६० लागतात. त्यामुळे पोलादी साचा टिकतो आणि पातळ झालेला धातू दाबाने बारीकसारीक कोपऱ्यांतही शिरतो. मेख असते ती रंगात. गाडी चोविसाव्या हिश्शाची केली तरी रंगाचा थर तितका पातळ करता येत नाही. जाड बसला की दरवाजाची फट बुजते, अक्षरांची धार जाते. मॉडेल विकत घेताना मी सगळ्यात आधी दरवाजाची फट पाहते, चमक नंतर.

आणि मिश्रणात शिसं राहिलं असेल तर धातू आतूनच सडायला लागतो. आधी बारीक भेगा पडतात, मग बॉडी फुगते, शेवटी हातात तुकडे येतात. उष्ण आणि दमट हवेत हे लवकर होतं, आणि मुंबईत दुसरी हवा आहे कुठे? यावर औषध नाही. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुनी मॉडेल दिसतात, तेव्हा बॉनेटच्या कडा आणि तळाचा पत्रा तिरक्या उजेडात धरून पाहते. भेग दिसली की कितीही मोह झाला तरी परत ठेवते. घरी पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या असतात, ऊन येत नाही अशा भिंतीला कपाट आहे, आणि धूळ फडक्याने नाही, मेकअपच्या मऊ ब्रशने झाडायची. रबरी टायर प्लास्टिकच्या तळावर वर्षानुवर्षं टेकले तर टायरमधलं तेलकट रसायन उतरतं आणि दोन्ही चिकटतात, म्हणून आसाखाली ठोकळा घालून गाडी कागदाएवढी उचललेली असते.

खर्चाबद्दल एवढंच, की खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. अशी मॉडेलही खेळण्यांतच मोडतात. तेव्हापासून मी बाहेरून मागवणं जवळजवळ सोडलं आहे. ओळखीच्या संग्राहकांकडून अदलाबदल करते.

"मग आता काय हवंय?" असंही कुणी विचारतं. मला हवी आहे ती कुर्ल्याची गाडी. मॉडेल बनवणाऱ्यांना दोन दरवाजांची, उघड्या टपाची गाडी आवडते, कारण ती देखणी दिसते आणि विकली जाते. मुंबईत चालली ती चार दरवाजांची, उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेली, घरच्यांना आणि सामानाला पोटात घेणारी. ती मला अजून कुठेच मिळालेली नाही. म्हणून चार दरवाजांची एक प्लिमथ सेदान आणली आहे आणि तिचं स्टीअरिंग उजवीकडे घेते आहे. तळाचे स्क्रू काढले की बॉडी सुटते आणि आतली बैठक अख्खी बाहेर येते. स्टीअरिंग उपटून दुसरीकडे लावणं सोपं आहे. घड्याळांचा गट मात्र डाव्या बाजूला कोरलेला असतो, तो तासून उजवीकडे नवा बसवावा लागतो. तो नेमका कसा दिसायचा, त्यासाठी मला आतून काढलेला फोटो हवा आहे. तुमच्या घरी आजोबांच्या किंग्जवेचा किंवा सॅव्हॉयचा असा एखादा फोटो असेल, पुढच्या सीटवर कुणी बसलेलं आणि मागे डॅशबोर्ड दिसतोय असा, तर मला तो नक्की दाखवा.