लग्नपत्रिकेच्या जाळीतून निघालेले बारा बोर्ड

फेज गेला की पंपाची मोटर बंद करणाऱ्या सर्किटचे बारा बोर्ड जाळीतून छापले. अकरा पहिल्याच दिवशी चालले. बाराव्यात स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या जाळीवर, बसलेल्या धुळीच्या कणाने तांब्याची एक रेघ तुटली होती, ती तारेचा तुकडा लावून जोडली. फेब्रुवारीत मी एकेक बोर्ड गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढून इस्त्रीने ठसवत होतो, तेव्हा दर तिसरा वाया जायचा. त्यामुळे या वेळची नोंद जरा लांबणार आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. चोपडा तालुक्यात तापीकाठच्या पट्ट्यात मामांची केळी आहे, बोअरला ५ एचपीची सबमर्सिबल. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये लाइट रात्रीची होती आणि तीन फेजपैकी, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी, एक गेला. मामांचा फोन आला, "मोटर गूं गूं करस, फिरस नही." मी "बटन दाबू नका" म्हणेपर्यंत त्यांनी चारदा दाबलं होतं. मोटर जळाली. बोअरमधून उपसून रिवाइंडिंगला नेली, परत बसवेपर्यंत चार दिवस गेले, आणि खान्देशात ४४ अंशांत चार दिवस पाण्याविना केळी म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. एक फेज गेला की मोटर बंद करणारा तयार सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर दुकानात मिळतो. मला तो स्वतः करायचा होता, आणि बिघडला तर गावातल्या गावात दुरुस्त होईल असा करायचा होता.

फेब्रुवारीतला पहिला आराखडा चुकला, आणि ती चूक सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिन्ही फेजचं व्होल्टेज रोधकांनी कमी करायचं, कंपॅरेटरने, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटने, तपासायचं, एखादा ३४० व्होल्टच्या खाली गेला की रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) उचलून स्टार्टरच्या नो व्होल्ट कॉइलची, म्हणजे मोटरचा स्विच ओढून धरणाऱ्या कॉइलची, वाट तोडायची. घरी टेबलावर चोख चालला. मळ्यात नेला, मोटर चालू केली, एका फेजचा किटकॅट फ्यूज ओढला, आणि काहीच झालं नाही. मोटर कण्हत चालूच राहिली, रिले गप्प. मेलेल्या तारेवर मीटर लावला तर ३७२ व्होल्ट. लगेच मोटर बंद केली.

ते ३७२ व्होल्ट कुठून आले याचा उलगडा व्हायला दोन संध्याकाळ लागल्या. मोटर दोन फेजवर फिरत राहिली तरी रोटरबरोबर चुंबकीय क्षेत्रही फिरत असतं. ते तिसऱ्या गुंडाळीला कापत जातं आणि तिथे व्होल्टेज तयार करतं. म्हणजे गेलेला फेज मोटर स्वतःच भरून दाखवते. व्होल्टेज बघणाऱ्या बोर्डाला सगळं आलबेल दिसतं, आणि इकडे उरलेल्या दोन गुंडाळ्यांतून जवळपास पावणेदोन पट करंट जात असतो. करंटचं मात्र सोंग घेता येत नाही. ज्या तारेचा फ्यूज गेला तिच्यातून शून्यच जाणार.

म्हणून दुसरा आराखडा करंटचा. तीन छोटे सीटी, म्हणजे तारेतला करंट मोजायचे ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकी १०००:१. ५ एचपीची मोटर पूर्ण भाराला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे सीटीच्या दुसऱ्या बाजूला साडेसात मिलिअँपिअर. ३३० ओहमवर त्याचे अडीच व्होल्ट मिळतात. डायोड, कपॅसिटर, आणि मग एलएम ३२४ या चिपमधल्या चारपैकी तीन ऑप-अँपमध्ये (इथे ते कंपॅरेटरचं काम करतात) १ व्होल्टशी तुलना. एकही करंट कमी पडला की रिले उचलतो. बोर्डाला वीज काँटॅक्टरच्या, म्हणजे स्टार्टरमधल्या मुख्य स्विचच्या, पुढून, मोटरच्या बाजूने, आणि नो व्होल्ट कॉइल ज्या दोन फेजवर आहे त्याच दोन फेजवरून दिली. त्यातला एखादा आधीच गेला असेल तर कॉइल ओढतच नाही, मग बोर्डाला काही करावंच लागत नाही.

सुरू होताना रिलेला थोडा वेळ थोपवून धरायला ५५५ ही टायमर चिप लावली. माझ्या मते खेड्यातल्या विजेसाठी याच्याइतकी शहाणी चिप दुसरी नाही. तिच्या आत ५ किलोओहमचे तीन रोधक एका ओळीत असतात आणि पुरवठ्याचे तीन सारखे भाग करतात. कपॅसिटर दोन तृतीयांशापर्यंत भरला की वेळ संपली. पुरवठा बाराचा नऊ झाला तर ती दोन तृतीयांशाची खूणही त्याच प्रमाणात खाली येते, त्यामुळे वेळ तेवढाच राहतो. १.१ गुणिले आर (रोधक) गुणिले सी (कपॅसिटर) या सूत्रातला १.१ तिथूनच येतो, ३ चा नैसर्गिक लॉगरिदम. रात्री व्होल्टेज ३०० वर असो की ४४० वर, माझी वेळ हलत नाही. आधी ४७० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड लावून पाच सेकंद ठेवले होते. मग लक्षात आलं की दोन फेजवर अडकलेली मोटर ती पाचही सेकंद नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढत राहते. १८० किलोओहम लावून दोन सेकंदांवर आणलं.

सर्किट झालं. आता ते एकसारखं बारा वेळा काढायचं कसं?

अमळनेरला एक काका चाळीसेक वर्षं लग्नपत्रिका आणि पिशव्यांची स्क्रीन प्रिंटिंग करतात. एप्रिलमध्ये मी किकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली फिल्म घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "भाऊ, यात बारीकात बारीक रेघ किती?" मी म्हटलं ०.८ मिलिमीटर. "मंगलाष्टकातल्या अनुस्वाराहून जाड आहे, निघेल." १२० नंबरच्या जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडात कडक होणारा थर, ओढलं, वाळवलं, फिल्म ठेवून एक्सपोज केलं, पाण्याने धुतलं. काळ्या रेघांखालचं इमल्शन वाहून गेलं आणि जाळीत माझं सर्किट उघडं पडलं.

परतीच्या एसटीत पॉल आयस्लर आठवत होता. व्हिएन्नात १९०७ साली जन्मलेला ज्यू इंजिनिअर, १९३६ मध्ये इंग्लंडला आला. तेव्हाचा रेडिओ उघडला की आत तारांचा गुंता असायचा, प्रत्येक जोड हाताने. बोर्ड छापायची आजची रीत त्याची: आयस्लरने तांब्याची पन्नी वीज न वाहणाऱ्या तक्त्यावर चिकटवली, हवं तेवढं शाईने झाकलं आणि बाकीचं रसायनाने खाऊन टाकलं. एका कंपनीने त्याला सांगितलं की तारा जोडायला मुली स्वस्तात मिळतात. पुढे त्याच्या कामात पैसा घातला तो हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या लंडनच्या कंपनीने, आणि ती संगीताची नोटेशन छापणारी कंपनी होती. १९४३ साली त्याने पेटंटचा अर्ज केला. त्याच्या आधीही प्रयत्न झाले होते. अमेरिकेत चार्ल्स डुकासने १९२५ मध्ये विजेची वाट शाईसारखी छापायचं पेटंट घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रॉक्सिमिटी फ्यूजमध्ये, म्हणजे लक्ष्याजवळ गेल्यावर आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या कळीत, सिरॅमिकच्या चकतीवर चांदीची शाई जाळीतून छापून सर्किट केली गेली. जाळी तेव्हाही होती. म्हणजे आपलं हे अख्खं क्षेत्र छापखान्यात जन्मलं आणि मी ते शिकायला लग्नपत्रिकेच्या दुकानात गेलो, यात वेगळं असं काहीच नव्हतं.

काकांना मी हे सांगितलं. मग ५५५ ची गोष्ट सांगितली. हान्स कॅमेन्झिंड या स्विस माणसाने ती १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी कंत्राटावर आखली. पहिल्या आराखड्याला नऊ पाय लागत होते. तो तपासणीत पास झाल्यावर त्याला सुचलं की आतला स्थिर करंटचा स्रोत काढून साधा रोधक लावला तरी भागतं. एक पाय कमी झाला आणि चिप आठ पायांच्या छोट्या खोक्यात मावली. चिपचा नकाशा त्याने लाल फिल्मवर हाताने, चाकूने कापून काढला. हे ऐकल्यावर काका आत गेले आणि जुन्या पत्र्याच्या डब्यातून तसल्याच फिल्मचा तुकडा घेऊन आले. इमल्शन यायच्या आधी ते गणपतीचं चित्र याच्यावर ब्लेडने कापायचे. कापलेला भाग सोलून काढायचा, खालचा पारदर्शक थर तसाच राहायचा. त्या तुकड्यावर अर्धवट कापलेला मोर होता. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात छपाई. पहिला दिवस फुकट गेला. दुपारी दोनला दुकानात ४१ अंश, रबर ओढायच्या आत शाई जाळीतच सुकायची आणि रेघा अर्ध्या यायच्या. काकांनी शाईत ती उशिरा सुकावी म्हणून रिटार्डर घातलं आणि सांगितलं, "पहाटे या." साडेपाचला पोचलो, साडेसहापर्यंत बारा बोर्ड छापून वाळत ठेवले होते. शाई एच रेझिस्टची, म्हणजे तांबं खाणाऱ्या द्रावणाला दाद न देणारी, आणि नंतर कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात निघून जाणारी.

छपाईत नडणारी गरमी एचिंगला, म्हणजे उघडं तांबं रसायनाने खाऊन टाकायला, मात्र वरदान ठरली. फेरिक क्लोराइडचे खडे पाण्यात टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही. टाकतानाच द्रावण चांगलं तापतं. जानेवारीत हेच द्रावण गार असायचं आणि एका बोर्डाला चाळीस मिनिटं लागायची. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणीच ४३ अंशांचं. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये हलकेच हलवत राहिलो आणि बारा मिनिटांत तांबं साफ. बोर्डावरचं तांबं ३५ मायक्रॉन जाडीचं असतं. द्रावण जसं खाली खातं तसं शाईच्या कडेखालून आडवंही खातं, म्हणून काम झालं की लगेच बाहेर काढा. पाच मिनिटं जास्त ठेवलेल्या एका बोर्डाच्या रेघा कुरतडल्यासारख्या दिसतायत. चालतोय, पण मला आवडत नाही.

उरलेल्या द्रावणात तांबं असतं. ते मोरीत किंवा बांधावर ओतू नका, विहिरीत उतरतं. मी त्यात चुना टाकून गाळ बसवतो आणि तो वाळवून बंद डब्यात ठेवतो.

भोकं: आयसीला ०.८, रोधकांना १, रिलेला १.३ मिलिमीटर. ४१५ व्होल्टच्या आणि १२ व्होल्टच्या बाजूंमध्ये ६ मिलिमीटरहून जास्त जागा सोडली आणि मध्ये हॅक्सॉच्या पात्याने आरपार फट कापली, कारण पावसाळ्यात बोर्डावर ओल धरली की वीज पृष्ठभागावरून सरकते. मळ्यातल्या स्टार्टरच्या पेटीत मुंग्या आणि पाली ठरलेल्याच. त्यासाठी रिवाइंडिंगवाल्याकडून मोटरच्या गुंडाळीला लावतात ते व्हार्निश आणलं आणि सोल्डरिंगच्या बाजूने दोन हात दिले.

१४ मेला मामांच्या पेटीत पहिला बोर्ड बसवला. हातमोजे घालून किटकॅट ओढला. कण्हणं सुरू होतं न होतं तोच काँटॅक्टर खाड्कन सुटला. तिन्ही फेजवर एकेकदा करून बघितलं, तिन्ही वेळा सुटला. मामा काही बोलले नाहीत, पेटीचं झाकण लावून त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. आठ दिवसांनी रात्री खरोखर फेज गेला, तेव्हा सकाळी उठल्यावर मोटर बंद दिसली. आता शेजारच्या दोन मळ्यांतही बोर्ड लागलेत.

अडचण त्यांतल्या दुसऱ्या मळ्यात निघाली. तिथे ऑटोस्विच, म्हणजे मोटर आपोआप चालू करणारा स्विच, आहे. बोर्ड मोटर बंद करतो, काँटॅक्टर सुटला की बोर्डाची वीजही जाते, आणि थोड्या वेळाने ऑटो पुन्हा चालू करतो. फेज येईपर्यंत हे चालूच राहतं, आणि प्रत्येक वेळी दोन सेकंद मोटर अडकून तापते. सध्या त्यांना ऑटो काढून ठेवायला लावलाय. खरा उपाय म्हणजे बोर्डाने एकदा बंद केलं की हाताने मोकळं करेपर्यंत धरून ठेवायचं. त्यासाठी वीज काँटॅक्टरच्या आधीपासून घ्यावी लागेल, आणि मग मोटर नुसती बंद असतानाही तिन्ही करंट शून्य दिसतील. बंद मोटर आणि गेलेला फेज यांतला फरक ओळखायचा तर अट अशी हवी: निदान एकात करंट आहे आणि निदान एकात नाही. एलएम ३२४ मधला चौथा ऑप-अँप रिकामाच आहे, तो आणि तीन डायोड यात हे बसतंय असं कागदावर दिसतं. कुणी असं केलं असेल तर डायोडनंतर किती व्होल्ट उरले ते कळवा. माझी मार्जिन तिथेच कमी पडतेय.

नवी फिल्म काढलीय. काकांनी जुनी जाळी धुऊन ठेवलीय, शनिवारी पहाटे साडेपाचला अमळनेर.