आमची वाटचाल: टाक्यांकडून काचांकडे

२०१३ साली आम्ही धंदा सुरू केला तो पाण्याच्या टाक्या धुण्याचा. मी, माझा मावसभाऊ आणि एक सेकंडहॅन्ड प्रेशर पंप. पुण्यात टाकी धुवायला गेलो की सोसायटीतलं कुणीतरी विचारायचंच, "खिडक्यांच्या काचा करता का हो?" आलेल्या कामाला नाही म्हणायची ऐपत नव्हती. करतो म्हणालो.

पहिलं काम कोथरूडच्या एका काकूंचं. संध्याकाळी काम उरकलं तेव्हा काचा लख्ख दिसत होत्या, पैसेही हातात पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. "आत्ताच्या आत्ता या आणि सांगा, काचा पुसल्यात की रांगोळी काढलीय?" पूर्वेची खिडकी. तिरपं ऊन आत येत होतं आणि काचेवर आडवे, उभे, गोल, सगळ्या जातीचे फराटे. पैसे परत देऊ केले, तर म्हणाल्या, "पैसे ठेवा, काच पुसून द्या." तीनदा पुसली. फराटे नुसते जागा बदलत राहिले.

चूक एक नव्हती. अर्धी बाटली लिक्विड ओतलं होतं. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा घरोघरचा समज. काचेवर उरलेला साबणच वाळून फराटा होतो. आता दहा लिटरच्या बादलीला भांड्यांचं लिक्विड एक छोटा चमचा, बस्स. शिवाय पुसायला नवाकोरा टॉवेल घेतला होता, त्याची लव सगळीकडे.

मग वायपर. फरशीचा नव्हे, काचेचा. त्याच्या रबराला बारीकशी खोच पडली तरी प्रत्येक ओढीला तिथेच रेघ उमटते. नख फिरवून बघायचं, खोच लागली की रबर उलटं करायचं, दोन्ही कडा गेल्या की टाकून द्यायचं. (टाकायची वेळ आली की मावसभावाचा जीव अजून कासावीस होतो.) काच ओली केली की वरच्या कडेची दोन बोटं पट्टी आधी कोरडी करायची, वायपर तिथे टेकवून ओढायचा, दर ओढीनंतर रबर पुसायचं, पुढची ओढ आधीच्या ओढीवर जराशी चढवायची. आतून आम्ही आडवं ओढतो, बाहेरून उभं. रेघ राहिलीच तर ती कुठल्या बाजूची हे लगेच कळतं. हे तेव्हा माहीत असतं तर काकूंकडे आतबाहेर धावाधाव झाली नसती.

पण आम्हाला खरा घाम फोडला तो पाण्याने. वाघोलीच्या एका सोसायटीत सगळं नीट करूनही काचांवर पांढरे ठिपके. पाणी बोअरचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणून बुडवला, आकडा ८४०. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार काचेवर बसून राहतात. तेव्हापासून शेवटचा हात सोबत नेलेल्या आरओच्या पाण्याने. एका पोराने काटकसर म्हणून आरओमधून वाया जाणारं पाणीच कॅनभर आणलं होतं. त्यात तर क्षार आणखी जास्त! उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र छान चालतं. हवेतल्या बाष्पाचं पाणी ते, आमच्या मीटरवर तिशीच्या आत आलं.

जुने क्षारांचे डाग व्हिनेगरने निघतात. हे आम्ही मोठ्या उत्साहात एका बंगल्यात केलं आणि खिडकीखालच्या संगमरवरी पट्टीवर ओघळ गेले. आम्लाने संगमरवराची चमक जाते, हे पॉलिशवाल्याचं बिल भरताना समजलं. महिन्याची कमाई त्यातच गेली.

आज आम्ही नऊ जण आहोत. काम लावताना आधी दिशा विचारतो: पश्चिमेच्या काचा सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर, कारण तापलेल्या काचेवर वायपर फिरायच्या आत पाणी वाळतं. मात्र पूर्वेच्या खिडकीचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाइकाने उन्हात बघितल्यावरच घेतो. उंच इमारतींच्या बाहेरून दोरावर लटकून करायची कामं घेत नाही. त्याचं प्रशिक्षण आमच्याकडे नाही. आणि बाथरूमच्या पट्ट्यापट्ट्यांच्या काचा? त्या एकेक काढून, धुऊन परत बसवाव्या लागतात. दर वेगळा पडेल, घासाघीस करू नये.