यूसीचा घोळ: टाळेबंदीत अडकलेला प्रकल्पाचा हिशेब

कोरोनाच्या टाळेबंदीत आमच्या संशोधन प्रकल्पाची २०१९-२० ची यूसी, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झालं असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र, हिशेब तयार असूनही आमच्या लेखा शाखेत चार महिने पडून होती. मुदतवाढीचे अर्ज, नैतिकता समितीच्या ऑनलाइन बैठका, प्रयोगशाळेत जायला लागणारे पोलिसांचे ई-पास, ही सगळी कामं ईमेलवर मार्गी लागली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. यूसीबद्दल आहे.

केंद्राच्या अनुदानाचा पुढचा हप्ता यूसी आणि खर्चाचं विवरणपत्र पोचल्याशिवाय सुटत नाही, आणि प्रकल्पातल्या मुलांचं मानधन त्याच हप्त्यातून निघतं. तेव्हा जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन अध्येत्याला, महिना ३१,००० आणि मोठ्या शहरात २४ टक्के घरभाडं, म्हणजे ७,४४० मिळायचे, एकूण ३८,४४०. तीन महिने हप्ता लांबला की एकाच मुलाचे १,१५,३२० थकतात. म्हणून विद्यापीठाच्या स्वनिधीतून तात्पुरती उचल मागणारी टिपणी यूसी अडण्याची वाट न बघता आधीच टाकून ठेवावी. ‘हप्ता जमा होताच रक्कम वळती करून घेण्यात येईल’ हे वाक्य तिच्यात हवंच. त्याशिवाय कोणी सही करत नाही.

आता अडलेली जागा. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या १२-ए या यूसीच्या नमुन्याच्या तळाशी दोन सह्या लागतात, वित्तप्रमुखाची आणि संस्थाप्रमुखाची. निधी देणाऱ्यांनी स्कॅन केलेली प्रत ईमेलने चालेल असं कळवलं होतं. आमच्याच लेखा शाखेला ते पटेना. त्यांना हवी शाईची सही, गोल शिक्का आणि तीन मूळ प्रती. कार्यालयातली उपस्थिती आधी पाच टक्के, मग थोडी वाढली. पण सह्या करणारे दोघे कधी एकत्र नाहीत, वित्त अधिकारी सोमवारी आले तर कुलसचिव गुरुवारी. त्यात आलेलं टपाल तीन दिवस खोक्यात, ‘विलगीकरणात’. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका फेरीत एकच शेरा. पाच शंका एकदम लिहिल्या असत्या तर पाच आठवडे वाचले असते. त्या पाचही इथे देतो, म्हणजे निदान तुमची नस्ती तरी एका फेरीत सुटेल.

पहिली, बँकेतली शिल्लक यूसीशी जुळत नाही. ती जुळणारच नव्हती. २० मार्चला काढलेले धनादेश पुरवठादारांच्या बंद कार्यालयात पडून होते. वहीत खर्च पडलेला, बँकेत पैसे तसेच. यूसी रोकडवहीप्रमाणेच करायची आणि सोबत न वटलेल्या धनादेशांचे क्रमांक, तारखा, रकमा देणारं ताळमेळ पत्रक जोडायचं. धनादेश तीनच महिने चालतो, त्यामुळे जून उलटताच हे सगळे शिळे झाले. नवा काढताना तो जुन्या व्हाउचरचा हवाला देऊन देणी खात्यातून काढा. पुन्हा खर्चात धरलात तर तोच खर्च दोन वर्षांत दोनदा दिसतो आणि पुढच्या लेखापरीक्षणात हमखास सापडतो.

दुसरी शंका रास्त होती, हे कबूल करतो. फेब्रुवारीत मागवलेली रसायनं ३१ मार्चपर्यंत आली नव्हती, तरी आम्ही ती खर्चात घेतली होती. मागणीपत्र दिलं म्हणजे खर्च झाला असं नाही. परदेशी पुरवठादाराला आगाऊ दिलेली रक्कमही माल येऊन साठा नोंदवहीत चढेपर्यंत आगाऊच राहते. या दोन्ही रकमा विवरणपत्रात वेगळ्या दाखवा आणि तेवढी शिल्लक पुढच्या वर्षी वापरायची परवानगी त्याच पत्रात मागा.

तिसरी, व्याज. ते आता अनुदानात मिसळता येत नाही, सामान्य वित्तीय नियमांतल्या २३०(८) प्रमाणे भारताच्या संचित निधीत भरावं लागतं. भारतकोश या सरकारच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर भरून पावती जोडा. नमुन्यात व्याजाचे दोन रकाने आहेत, मिळालेलं आणि परत केलेलं. बहुतेक जण पहिला भरतात आणि दुसरा मोकळा सोडतात, मग पुढची सगळी बेरीज चुकते. मार्चअखेरचं व्याज बँकेनं ज्या तारखेला जमा केलं तीच तारीख धरायची. एप्रिलमध्ये पडलं असेल तर ते पुढच्या वर्षाचं.

चौथी, शीर्षनिहाय, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक सदरातली, शिल्लक. एकूण शिल्लक बरोबर असूनही वेतन, सर्वसाधारण आणि भांडवली मालमत्ता यांपैकी एका शीर्षात उणे आकडा असला की कागद परत येतो. त्या मार्चमध्ये प्रवासखर्च जागच्या जागी राहिला आणि सॅनिटायझर, हातमोजे, जंतुनाशक फवारणी यांनी किरकोळ खर्चाची मंजूर रक्कम ओलांडली. मंजुरीशिवाय इकडचं तिकडे करू नका, तीनशे रुपयांसाठीसुद्धा.

पाचवी, पीएफएमएसवरची, म्हणजे केंद्राच्या पैशांचे व्यवहार ज्या ऑनलाइन प्रणालीतून होतात तिच्यावरची, शिल्लक जास्त दिसते. कारण हास्यास्पद होतं. डिजिटल सहीचा टोकन, ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, कुलूपबंद खोलीच्या खणात राहिली होती. नोंद करणारा घरून नोंद करू शकतो, पण मंजूर करणाऱ्याच्या हातात टोकन नसेल तर पैसे हलत नाहीत. टोकनमधल्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची मुदतही नेमकी अशाच वेळी संपते. दोन्ही अधिकाऱ्यांच्या टोकनच्या मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सनदी लेखापालाची सही सगळ्यात शेवटी घ्या. आम्ही आधी घेतली. त्यांच्या प्रमाणपत्रावर १८ अंकाक्षरांचा यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो, सुरुवातीला वर्षाचे दोन अंक, मग त्यांचा सहा अंकी सभासद क्रमांक. त्यात आकडेही नोंदवलेले असतात. त्यामुळे दर शेऱ्यानंतर एक आकडा बदलला की जुना क्रमांक रद्द करून नवा काढा, पुन्हा सही, पुन्हा शिक्का. तिसऱ्या वेळी लेखापालांनी फोन उचलणं बंद केलं, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

शेवटी हललं ते विनवण्यांनी नव्हे. उपस्थितीचं रोस्टर मागून घेतलं, दोन्ही अधिकारी एकत्र असणारा दिवस शोधला, आणि पाचही मुद्द्यांची उत्तरं एका पानावर, पुराव्यांना खुणा करून, हातात नेऊन दिली. टपालात टाकलं नाही. साडेअकराला गेलो, एक वाजता तिन्ही प्रती हातात होत्या. चार महिन्यांचं काम दीड तासाचं होतं, हे अजून पचत नाही.

राहून गेलेल्या दोन गोष्टी. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) तेव्हा पीएचडीचा प्रबंध सादर करायला सहा महिने वाढवून दिले, पण फेलोशिपची मुदत पाच वर्षांचीच ठेवली. मुलं दोन्ही गोष्टी एकच समजतात. अशी मुदतवाढ मिळाली की ज्यांचं पाचवं वर्ष संपत आलंय त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर सहा महिने बिनपगारी निघतात.

आणि द्रव नायट्रोजन. पेशींचे नमुने असलेली टाकी कोणी हात लावला नाही तरी आटत राहते. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या टंचाईत नायट्रोजनचे टँकरही तिकडे वळवले गेले, तेव्हा नेहमीच्या पुरवठादाराच्या भरवशावर राहिलेल्यांची पंचाईत झाली. अशा टाळेबंदीत दर दोन दिवसांनी पट्टी घालून पातळी मोजणाऱ्या माणसाच्या नावाचा पास आधी काढा, मुख्य संशोधकाचा नंतर. पातळीची वही टाकीशेजारीच टांगून ठेवा. पुरवठादाराच्या बिलाबरोबर त्या वहीच्या पानाची प्रत जोडली तर लेखा शाखा ‘एवढा नायट्रोजन कशाला’ असं विचारत नाही.