सेल्फ उचलत नाही तेव्हा

मोटारसायकलचे बटण दाबल्यावर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी छोटी मोटर, एका दमात फिरण्याऐवजी कण्हत, अडखळत फिरू लागला, की खानदेशात गाडी सावलीत घेण्याआधीच निदान होऊन जाते. शेजारचा कोणीही ‘बॅटरी उतरी गयी, भाऊ’ म्हणतो आणि विषय मिटतो. ते बरेचदा खरेही असते, कारण जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्या उष्णतेने बॅटरीतले पाणी आटते, प्लेटा लवकर खराब होतात. शिवाय घर ते शेत एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत सेल्फने ओढलेला करंट धड भरूनही निघत नाही. माझी हरकत एवढीच, की नवी बॅटरी आणण्याआधी जुनीची झडती कोणी घेत नाही.

आधी आवाज ऐकावा. रिले, म्हणजे बटण दाबल्यावर बॅटरीची वीज मोटरला जोडणारा स्विच, टकटक करत राहिला तर संशय बॅटरीवर किंवा ढिल्या टर्मिनलवर जातो. मोटर सुसाट फिरते, पण इंजिन हलत नाही, तेव्हा मोटरचा जोर इंजिनला देणारा मधला वन-वे क्लच घसरत असतो आणि बॅटरी निर्दोष असते.

खरी गंमत मल्टीमीटर लावल्यावर कळते. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली, तर एक तर ती थकली आहे, नाहीतर मोटर किंवा इंजिन जड फिरत आहे. पण अकराच्या वर टिकूनही सेल्फ रेंगाळत असेल, तर वीज वाटेतच कुठेतरी अडते आहे. मोटर ५० अँपिअर ओढत असताना एखाद्या सांध्यात अवघा ०.०२ ओहम अडथळा असला, तरी पुरा एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. आणि एवढासा अडथळा साध्या मीटरच्या ओहम-मापनात दिसत नाही, तो भार पडल्यावरच उघडा पडतो. म्हणून मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून बटण दाबावे; आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह तार गाडीच्या धातूला जोडणारा, बोल्ट खोलावा. पावसाळ्यात केळीच्या बागेत जाणाऱ्या गाडीच्या या बोल्टखाली काळ्या मातीचा वाळलेला थर आणि त्याखाली तांबूस गंज हमखास सापडतो, आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा तिथे नव्या बॅटरीहून अधिक काम करतो. रिलेच्या दोन जाड बोल्टांचीही हीच तपासणी करावी.

हे सगळे ठीक निघाले, तरच मोटर उघडायची. आत फिरत्या भागाला वीज देणारे, झिजून आखूड झालेले कार्बन, त्यांची काळी भुकटी आणि ते ज्यावर घासतात तो काळवंडलेला तांब्याचा कम्युटेटर दिसतो. कम्युटेटरवर खोल चरे पडलेले नसतील, तर साफसफाई आणि नवे कार्बन एवढ्यावर बहुधा भागते. त्यामुळे मेस्त्री अख्खी मोटरच बदलायची म्हणाला, तर जुनी आपल्यासमोर उघडायला सांगावी.