दुधाच्या पेल्यातला दात

गेल्या आठवड्यात पंचवटीतल्या आमच्या तालमीत सराव करताना जोडीदाराचे डोके लागून माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्याचा पुढचा दात मुळासकट निखळून लाल मातीत पडला. कोणीतरी तो रुमालाने पुसायला घेतला, तेव्हा मी थांबवले. कारण मुळावरच्या नाजूक पेशी खरवडल्या किंवा वाळल्या की दात पुन्हा रुजण्याची शक्यता झपाट्याने घटते. असा दात वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, न घासता हलकेच धुवावा, जमल्यास लगेच त्याच खाचेत बसवावा, नाहीतर थंड दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. (दुधाचे दात मात्र परत बसवत नाहीत.) तालमीत दूध होते, हे आमचे भाग्य.

जबड्याची दुखापत अधिक फसवी असते. ठोसा हनुवटीवर बसला तरी हाड कानाजवळच्या सांध्यापाशी मोडू शकते. दात नेहमीसारखे एकमेकांवर बसत नसतील किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय आखाड्यात उतरू नये. बॉक्सिंगच्या लढतीत माउथगार्ड (दातांवर बसवायचे संरक्षक कवच) सक्तीचे असते. कुस्तीच्या सरावातही ते घातलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पुतण्याला धनुर्वाताचे इंजेक्शन दिले असून त्याचा दात सध्या शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला आहे.