पाटे वाढवून घेतलेली ट्रॅव्हलर

"अजून एकेक पाटा टाका आणि पंप जरा उघडा, घाटात गाडी ओढत नाही." एवढं सांगून शेठ चावी देऊन गेले. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, आणि पंप म्हणजे इंजिनला डिझेल देणारा पंप. शेठ म्हणजे केटरर, किचन आणि गोडाऊन सासवडला, ऑर्डरी मात्र पुण्यात, हडपसरपासून कोथरूडपर्यंत. गाडी फोर्सची जुनी ट्रॅव्हलर, डिलिव्हरी व्हॅन, मागे सीटा नाहीत, नुसता पत्र्याचा डबा. काम होऊन गाडी गेली पण विषय डोक्यातून जात नाहीये, त्यात परवा शेठचा परत फोन आला, म्हणून लिहितोय.

ट्रॅव्हलरवर आम्हा पुण्याच्या मिस्त्री लोकांचा जीव आहे. आकुर्डीच्या कंपनीची गाडी, मूळ बांधणी मर्सिडीजच्या व्हॅनची, आणि आमच्यातले कितीतरी जण मॅटाडोरखाली झोपून काम शिकलेत. २००५ ला बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स झालं तरी जुनी माणसं अजून "टेम्पोची गाडी" असंच म्हणतात. नीट ठेवली तर ही गाडी मरत नाही. पण केटरिंगच्या गाडीला सीझनमध्ये सुट्टी नसते आणि सीझन संपला की मालकाला गाडी आठवत नाही.

आधी इंजिन बघितलं. बॉनेट उघडलं तर पंपाचा फुल लोड स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा स्क्रू, त्याचं सील तुटलेलं, म्हणजे कोणीतरी आधीच "पंप उघडलेला" होता. हे काम बघितलं की माझं डोकं फिरतं. मेकॅनिकल पंपाचा तो स्क्रू आत घेतला की डिझेल वाढतं, पण डिझेल जळायला हवा लागते आणि हवा काही त्या स्क्रूने वाढत नाही. गाडी चार दिवस पळाल्यासारखी वाटते, मग काळा धूर, सायलेन्सरची उष्णता वाढते, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) भाजतो, पुढे हेड गॅस्केट नाहीतर पिस्टन. पीयूसीला बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिजपर्यंत (धुराच्या काळेपणाचं माप) मुभा आहे, त्यात सुद्धा ही गाडी बसत नव्हती. आणि गिऱ्हाईक म्हणतो पंप अजून उघडा.

हवा कुठे जात होती ते शोधायला अर्धा दिवस गेला. टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीला, जाणारा रबरी होज, त्याच्या क्लिपच्या अगदी खाली उभी चीर. गाडी उभी असताना चीर बंद, आयडलला काही आवाज नाही, टर्बोने प्रेशर धरलं की ती उघडायची आणि सगळी हवा तिथून बाहेर. क्लिपच्या बाजूला तेलकट काळा ओघळ दिसला म्हणून शंका आली. पाइपची दोन्ही तोंडं बंद करून कॉम्प्रेसरची थोडी हवा सोडली, साबणाचं पाणी मारलं, तर फेस नुसता उसळला. होज बदलला. एअर फिल्टर फेकला, हातात धरल्यावर त्यातून पिठाचा वास येत होता. पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल उतरवून टेस्ट बेंचवर पाठवले, तर दोन नोझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब टाकत होते. नोझल बदलले, पंप कंपनीच्या मापावर आणून परत सील केला, टायमिंग बसवलं, टॅपेट फिलर गेजने सेट केले. यातली एकही गोष्ट परफॉर्मन्स अपग्रेड नाही. पण रिकामी गाडी सासवडच्या वाटेवरच्या दिवे घाटात जिथे दुसऱ्या गिअरला रडायची तिथे आता तिसऱ्यावर चढली आणि मागे धूर नाही. रीमॅपवाले, चिपवाले, पंपवाले यांच्याकडे पैसे घालायच्या आधी लोकांनी गाडीची जेवढी ताकद मुळात आहे तेवढी तरी परत मिळवावी, पण हे ऐकायला कोणी तयार नसतं, सगळ्यांना काहीतरी "वाढवायचं" असतं.

आता पाटे. गाडी पिटवर घेतली आणि खालून बघितलं तर मागच्या दोन्ही बाजूंना कंपनीपेक्षा एकेक पाटा जास्त. तोही या गाडीचा नाही, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा कापून बसवलेला, जाडी वेगळी, कमान वेगळी, त्यामुळे तो बाकीच्या पाट्यांना टोकाशीच टेकत होता आणि मध्ये फट. जुने पाटे भट्टीत तापवून ठोकून कमान दिलेली दिसत होती. नीट पाणी देऊन टेंपर केलं नाही तर तापवलेला पाटा थोड्याच महिन्यांत कमान सोडून परत सपाट होतो, म्हणून तर वरून जास्तीचा घातला असणार. पाटे आवळून धरणारे यू बोल्ट जुनेच, आटे ताणलेले. यू बोल्ट एकदा टाइट करून ताणला की परत वापरायचा नसतो, पण नवीन यू बोल्ट कोणी मागतच नाही. पाट्याचं टोक चॅसिसला धरणाऱ्या शॅकलचे बुश अंडाकृती झालेले. शॉकअप रिकाम्या गाडीत जवळजवळ पूर्ण ताणलेले, कारण मागची बॉडी वर उचलली गेली तरी शॉकअप जुन्याच लांबीचे. खड्ड्यात चाक खाली गेलं की शॉकअप आतल्या आत आपटणार. मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलल्यामुळे त्याच्या सांध्यातला क्रॉस पण वाजायला लागलेला.

हे सगळं मी रोज बघतो. मी थांबलो ते वेगळ्याच गोष्टीवर.

गाडीचे ड्रायव्हर मामा बाजूला चहा घेत उभे होते. सहज बोलले, "मिस्त्री, पुढचे ब्रेक पॅड यंदाच्या सीझनला दोनदा टाकले, टिकतच नाहीत, माल डुप्लिकेट येतो बहुतेक." मी मागचे ब्रेक ड्रम उघडले. लायनर जवळजवळ नवे. वरून काचेसारखी चकाकी आलेली, पण जाडी भरपूर. मामांना विचारलं हे कधी टाकले, तर त्यांना आठवेना, म्हणाले पुढचे पॅड पहिल्यांदा संपायच्या बरेच आधी. पुढचे पॅड संपतायत आणि मागचे लायनर झिजतच नाहीत, म्हणजे मागचा ब्रेक कामच करत नाहीये.

या गाडीला मागच्या अ‍ॅक्सल आणि चॅसिसच्या मध्ये लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, त्याला एक रॉड. माल भरला की बॉडी खाली बसते, रॉड व्हॉल्व्हला ढकलतो आणि मागच्या ब्रेकला प्रेशर जास्त जातं. गाडी रिकामी असेल तर बॉडी वर, प्रेशर कमी, म्हणजे हलकी मागची चाकं ब्रेक दाबल्यावर लॉक होत नाहीत. आता जास्तीचा पाटा टाकला की भरलेली गाडीसुद्धा खाली बसत नाही. व्हॉल्व्हच्या हिशोबाने गाडी कायम रिकामी. भरल्या गाडीला मागचा ब्रेक रिकाम्या गाडीएवढाच, आणि सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. पाटे वाढवणाऱ्याने रॉडला हातही लावला नव्हता, त्यावर जुनी धूळ आणि ग्रीस थिजून बसलेलं.

आणि ही गाडी भरून घाट उतरते. चढताना रिकामी भांडी असतात, सासवडहून पुण्याकडे येताना मात्र दिवे घाटाच्या उतारावर गॅस सिलिंडर, भट्ट्या, ग्राइंडर, पाण्याचे बॅरल, गरम डाळीचे टोप, आणि मागे चार वाढपी पोरं बसलेली. शेठची तक्रार चढाची होती. उताराबद्दल कोणी अक्षर काढलं नव्हतं.

पाटे आणि ब्रेकमध्ये काहीही बदलायच्या आधी मी मामांना म्हणलं पुढची ऑर्डर भरली की फोन करा, मी सोबत येतो. सासवडला गेलो, आधी वजनकाट्यावर गाडी घातली. आरसीवर जेवढं भरलेलं वजन आहे त्याच्यापेक्षा साडेसहाशे किलो जास्त. पोरांना दुसऱ्या गाडीने पाठवलं, बॅरल आणि एक भट्टी उतरवली, काटा आरसीच्या आत आणला आणि मग मामांना म्हणलं चला, दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. पहिल्या दोन वळणांनंतरच पॅड जळाल्याचा वास केबिनमध्ये आला. ब्रेक दाबला की नाक खाली जायचं आणि मागचा भाग हलका वाटायचा. मस्तानी तलाव दिसायला लागला तिथे गाडी बाजूला घेऊन पुढच्या रिमजवळ हात नेला, धग लांबूनच लागत होती. हे वजन कमी केल्यावर. मामा म्हणाले, "आमचं रोजचंच आहे हे." त्यांना दोष नाही. ड्रायव्हरला विचारतोच कोण.

मग काम केलं ते असं. जास्तीचे पाटे काढले, नाना पेठेतून या मॉडेलचा पूर्ण सेट आणला, नवीन यू बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकल पिन, बुश. शॉकअप चांगल्या कंपनीचे, मूळ लांबीचेच. लायनरची चकाकी काढली, ड्रम टर्न केले, ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. व्हॉल्व्हचा रॉड मोकळा केला, पुढच्या आणि मागच्या लाइनला प्रेशर गेज लावून मॅन्युअलच्या मापाने सेट केला. थोडं चालवल्यावर यू बोल्ट परत टाइट केले, हे बहुतेक गॅरेजमध्ये होत नाही आणि मग पाटे सरकतात. आरसीएवढाच माल भरून तोच घाट परत उतरलो. गाडी चारही चाकांवर बसून थांबत होती. मामा काही बोलले नाहीत, पण अर्ध्या घाटात स्टिअरिंगवरची पकड सैल झालेली मला दिसली.

बिल देताना शेठ खूश नव्हते. "मी पाटे वाढवायला सांगितले, तुम्ही काढले." मी काटापावती समोर ठेवली, म्हणलं पाटा वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही, ती फक्त सरळ दिसते. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं, गाडी आरसीशी जुळेनाशी होईल असा बदल चालत नाही. ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे, तेही सांगितलं. त्यांचं उत्तर होतं की दोन फेऱ्या केल्या तर डिझेल, ड्रायव्हर, वेळ, आणि पंगत काय वाट बघत नाही. तेही खरं आहे. लग्नाचे दर पाडून मागणारे यजमान कधी विचारत नाहीत की जेवण कुठल्या गाडीतून आलं.

तर परवाचा फोन. सीझन तोंडावर आहे, भरल्यावर गाडी मागून बसते, एकच पाटा टाकून द्या. मी नाही म्हणलं तर ते दुसरीकडे जाणार आणि तिथे पाटा टाकतील, रॉडला कोणी हात लावणार नाही, पोरं परत मागे बसणार. मी टाकला आणि व्हॉल्व्ह त्या उंचीला सेट केला तर निदान मागचा ब्रेक लागेल, पण मग ते साडेसहाशे किलो मीच पास केल्यासारखं होतं, आणि पुढच्या वेळी ते आठशे होतील हे मला माहितीये. ओळखीच्या दोन मिस्त्रींना विचारलं, एक म्हणाला टाकून दे आणि सेट कर, दुसरा म्हणाला हातच लावू नको.

शेठना मी एवढंच सांगितलंय की सीझनची पहिली ऑर्डर भरलेली गाडी आधी काट्यावर न्या, पावती घेऊन या आणि तुम्ही स्वतः केबिनमध्ये बसून घाट उतरून या. ते "बघतो" म्हणालेत. मामांना वेगळा फोन करून सांगितलंय की गाडी दुसऱ्या कुठल्या गॅरेजला पाट्यांसाठी लागली तर लगेच मला कळवा, रॉड मी येऊन सेट करतो, पैसे नकोत.