सुपारी घेणारा पोलीस आणि त्याआधीचा खबरी

मी फौजदारी वकील आहे आणि माझी जवळजवळ सगळी वकिली आरोपीच्या बाजूने झाली आहे. पोलिसांनी लावलेला सापळा म्हटलं की गुन्हा सापडला की घडवला, हे मी आधी तपासते. तरीही खुनाची सुपारी घ्यायला साध्या वेशातला पोलीस पाठवणं मला मान्य आहे. खून झाल्यावर आलेल्या पोलिसाच्या हातात पंचनाम्यापलीकडे फारसं उरत नाही. इथे निदान ज्याच्या जिवावर कुणी उठलंय, तो माणूस वाचतो. पण माझी एक अट आहे, आणि अमेरिकेतल्या अशा खटल्यांचे निकाल वाचताना ती पक्की होत गेली आहे.

ही प्रकरणं बहुतेक एकाच वाटेने पोलिसांपर्यंत पोचतात. कुणाला तरी नवरा, बायको, धंद्यातला भागीदार किंवा साक्षीदार नकोसा झालेला असतो. मारेकरी कुठे मिळतो हे ठाऊक नसतं, म्हणून ओळखीतल्याच एखाद्या 'तसल्या' माणसाकडे विषय काढला जातो. तो घाबरतो, किंवा त्याचं मन खातं, आणि तो पोलिसांकडे जातो. पोलीस त्याला सांगतात, 'माझ्या माहितीतला एक जण आहे' एवढंच म्हण. मग भेट ठरते, पुष्कळदा कुठल्यातरी पार्किंगमध्ये उभ्या गाडीत. गाडीत कॅमेरा आणि माइक लपवलेला असतो. बनावट मारेकरी स्वतः कमी बोलतो, समोरच्याला बोलू देतो. फोटो आणलाय का? घरातून किती वाजता निघतो? त्या वेळी घरात आणखी कोण असतं? पैसे कधी देणार? हे सगळं पुढे ज्यूरीला ऐकवायचं असतं, म्हणून प्रश्न असे विचारायचे की उत्तराचे दोन अर्थ निघू नयेत.

यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न शेवटी येतो. फ्लोरिडातल्या बॉयंटन बीचमध्ये २००९ साली एका बाईने नवऱ्याला मारण्यासाठी सुपारी दिली. गाडीत शेजारी बसलेला मारेकरी पोलीस होता. एकदा निघालो की तुम्हाला मन बदलता येणार नाही, असं त्याने तिला बजावलं. ती म्हणाली, मी पाच हजार टक्के ठाम आहे. काही दिवसांतच पोलिसांनी तिच्या घराबाहेर पिवळी पट्टी लावून खुनाचा देखावा उभा केला, नवरा गेल्याचं तिला सांगितलं आणि तिने हंबरडा फोडला. थोड्या वेळाने पोलीस स्टेशनात तोच नवरा जिवंत तिच्यासमोर आला. ते रडणं सगळ्या जगाने पाहिलं. मला मात्र गाडीतलं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या पोलिसाने तिला मागे फिरायची संधी स्वच्छ शब्दांत दिली होती. रागात माणूस वाट्टेल ते बोलतो. 'मारून टाकावंसं वाटतं' असं म्हणणारे सगळे सुपारी देत नाहीत. हे दोघे वेगळे ओळखायचे तर तो प्रश्न विचारावाच लागतो.

कायद्यानेही सगळा भार त्या रेकॉर्डिंगवरच येतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात सुपारीसाठी कलम १९५८ आहे. आरोपीने टपाल, फोन असं राज्याराज्यांना जोडणारं साधन वापरलेलं असलं आणि पैसे देण्याचं नुसतं कबूल केलं असलं, तरी ते पुरतं. कुणालाही इजा झाली नसली तरी दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण फक्त पोलिसाबरोबर कट केला म्हणून संघीय न्यायालयात कटाचा गुन्हा सिद्ध होत नाही, कारण कटाला खरोखर संमती देणारी दोन माणसं लागतात आणि पोलिसाची संमती खोटीच असते. म्हणजे उरतो तो एकट्या माणसाचा इरादा, आणि तो दिसतो फक्त त्याच्या बोलण्यातून.

म्हणूनच मला गाडीतल्या भेटीआधीच्या दिवसांची काळजी वाटते. खबरी आणि आरोपी यांच्यात जे बोलणं झालं, ते कुठे आहे? खरं पाणी तिथेच मुरतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये शर्मन खटल्यात हेच पाहिलं. डॉक्टरकडे व्यसनावर उपचार घेताना दोन माणसांची ओळख झाली. त्यातला एक खबरी होता, आणि त्याच्यावरच ड्रग्जचा खटला चालू होता. तो दुसऱ्याच्या मागे लागला: मला त्रास होतोय, कुठूनतरी माल मिळवून दे. दुसऱ्याने टाळलं, पुन्हा टाळलं, शेवटी आणून दिला. न्यायालयाने शिक्षा रद्द केली. सुटत आलेल्या व्यसनात सरकारच्याच माणसाने त्याला परत ओढलं होतं. त्याआधी १९३२ च्या सोरेल्स खटल्यात दारूबंदी खात्याचा माणूस पर्यटक बनून आला होता. दोघे पहिल्या महायुद्धात एकाच डिव्हिजनमध्ये होते, त्या आठवणी काढत त्याने पुनःपुन्हा दारू मागितली. सुपारीच्या प्रकरणात मैत्री, दया, प्रेम हीच हत्यारं खबरी वापरू शकतो, आणि इथे पणाला माणसाचा जीव असतो.

बॉयंटन बीचचा खटलाही तीनदा उभा राहिला. २०११ ची वीस वर्षांची शिक्षा २०१४ मध्ये अपिलात रद्द झाली, कारण ज्यूरी निवडण्याची पद्धत चुकली होती. २०१६ मध्ये ज्यूरीचं एकमत झालं नाही. २०१७ मध्ये ती पुन्हा दोषी ठरली आणि सोळा वर्षांची शिक्षा झाली. त्या कारवाईच्या वेळी टीव्हीवरच्या पोलीस-मालिकेचं पथक सोबत होतं, आणि पोलिसांनी कॅमेऱ्यासाठी खेळ केला असा बचाव पक्षाने धोशा लावला. ती दोषी आहे असंच माझं मत आहे. पण तपासात कॅमेरा मनोरंजनासाठी आत घेणं गैरच होतं, त्याने बचावाला आयतं कोलीत मिळालं.

याहून वाईट प्रकरण 'सिल्क रोड'चं. या ऑनलाइन ड्रग्ज बाजाराचा चालक रॉस उलब्रिक्ट याने स्वतःच्याच एका कर्मचाऱ्याचा खून करण्यासाठी ८०,००० डॉलर दिले, असा आरोप होता. ज्याला दिले तो मादक द्रव्य विभागाचा अधिकारी कार्ल फोर्स होता. मृत्यूचा देखावा करून फोटो पाठवले गेले, तो कर्मचारी जिवंत होता. पुढे फोर्सने याच तपासात बिटकॉइन लाटल्याचं उघड झालं आणि २०१५ मध्ये त्याला साडेसहा वर्षांची कैद झाली. मेरीलँडमधला उलब्रिक्टवरचा सुपारीचा आरोप सरकारने २०१८ मध्ये मागे घेतला, म्हणजे त्यावर ज्यूरीचा निकाल कधी झालाच नाही. तरीही या बाजाराबद्दल न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या वेगळ्या खटल्यात उलब्रिक्टला जन्मठेप ठोठावताना न्यायाधीशांनी सुपारीचे पुरावे विचारात घेतले होते. वकील म्हणून मला हे आजही पटत नाही.

माझी अट आता सांगते. खबरी पोलिसांकडे येण्याआधीचं बोलणं रेकॉर्ड झालेलं नसणार, ते समजू शकते. पण त्याने स्टेशनात पाऊल टाकल्यानंतरचा त्याचा प्रत्येक फोन, प्रत्येक भेट, प्रत्येक मेसेज जपलेला हवा, आणि त्याला बदल्यात काय मिळणार आहे ते बचाव पक्षाला आधी कळायला हवं. यावर पोलीस म्हणतात की घाई असते, उशीर झाला तर तो माणूस दुसरा, खरा मारेकरी शोधेल. ही भीती खरी आहे. अमेरिकेत खासगी प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या 'जो एग्झॉटिक'च्या सुपारी-खटल्यात तेच दिसलं: एफबीआयच्या साध्या वेशातल्या अधिकाऱ्याशी बोलणी करण्याच्या आधीच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्याने आपल्या एका कर्मचाऱ्याला याच कामासाठी ३,००० डॉलर दिले होते. इतकी घाई असेल तर ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला त्याच दिवशी सांगा आणि सुरक्षित जागी हलवा. फोन रेकॉर्ड करायला त्याहून कमी वेळ लागतो.